भिंतीकडची बाजू

या अदलाबदलीत फायदा कुणाचा, हे घरात कुणाला विचारायची गरजच नव्हती. जो तो न विचारता सांगत होता. वडिलांना ऑफिसात डबा उघडता उघडता सहज टाकायला एक वाक्य मिळणार होतं, ‘आमची धाकटी सध्या बाहेर असते,’ आणि बाहेर म्हणजे कुठे, हे समोरच्याने विचारेपर्यंत घास हातात धरून बसायची त्यांची तयारी होती. दादाला कपाटातले धाकटीचे खण मिळणार होते. आईला काय मिळणार ते आई बोलली नाही, पण एरवी सणासुदीलाही जाऊबाईंचा फोन येईपर्यंत वाट बघणारी आई आपणहून त्यांना फोन लावून बसली, त्यावरून अंदाज येत होता. सगळ्यांत मोठा लाभ धाकटीचा. एक आख्खी खोली, तिला आतून कडी, आणि एकटीचा पलंग. कॉलेजची योजना साधीच होती: इकडची मुलगी तिकडे, तिकडची इकडे, एकीने दुसरीच्या घरी, दुसरीच्या जागेवर राहायचं. आता धाकटीची जागा म्हणजे काय, तर आत्याच्या पलंगाची भिंतीकडची बाजू. जी कोण येणार होती तिला ती बाजू मिळणार, वर आत्याचं घोरणं आणि तिचे थंडगार पाय फुकट. दादा म्हणाला होता की तिकडच्या लोकांना कुणीतरी आधी फसवणुकीची कल्पना द्यायला हवी.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि दिसण्याच्या बाबतीत घरातल्या कुणाहीपेक्षा काटेकोर. रोज झोपायला येऊन पलंगाच्या कडेवर बसली की ती म्हणायची, “सरक.” धाकटी आधीच भिंतीला पालीसारखी चिकटलेली असायची, सरकायला तसूभर जागा नसायची, तरी सरकल्यासारखं करावं लागे, केलं नाही तर आत्या पाठ टेकत नसे. मग ती स्टुलावरच्या स्टीलच्या वाटीत कवळी काढून ठेवी, वर झाकण घाली आणि भिंतीकडे न बघता दिवा घालवी. सकाळी डोळे उघडायच्या आत वाटी तिच्या हातात द्यायची, हे धाकटीचं शाळेत असल्यापासूनचं काम. दात नसलेलं आत्याचं तोंड धाकटीशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. सख्ख्या भावानेही नाही. “मला तसं कुणी बघायचं नाही,” एवढं एकच आत्याने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं, आणि या एका गोष्टीपुरती धाकटी घरातली सगळ्यांत महत्त्वाची व्यक्ती होती. परकी मुलगी शेजारी झोपायला येणार म्हटल्यावर आत्या दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली की धाकटीला तिकडे खोली होत असेल तर येऊ दे त्या पोरीला, मी तोंडावर पदर घेऊन झोपेन. धाकटीला तेव्हा हसू आलं. आत्याने काय सोडलं हे तिला कळलं होतं, पण बॅग भरायची घाई होती.

खोली खरोखरच सांगितल्यासारखी निघाली. पांढरी भिंत, खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलाच्या खणात त्या दुसऱ्या मुलीने मुद्दाम रिकामी करून ठेवलेली अर्धी जागा. आणि कडी. पहिले काही दिवस धाकटी कडी लावायची, काढायची, पुन्हा लावायची. घरात दुसरं माणूस एकच, त्या मुलीची आई, आणि तीही उठून दार ढकलायला यायची शक्यता नव्हती. ती मागच्या खोलीत कवळ्या बनवायची. योजनेच्या कागदांत तिचा व्यवसाय दंततंत्रज्ञ असा लिहिलेला होता. घरी तो वाचल्यावर आत्या इतकंच म्हणाली की मग तिच्या पोरीपासून काय लपवायचं, आणि पदराचा विषय तिथेच मिटला. धाकटी त्या मुलीच्या आईला मनातल्या मनात दातवाल्या बाई म्हणायची. दातवाल्या बाईंनी पहिल्या दिवशी किल्ली कशी फिरवायची, कचरा कोणत्या पिशवीत टाकायचा आणि गरम पाणी कधी संपतं ते सांगितलं, आणि त्यानंतर काहीही विचारलं नाही. कुठे चाललीस, कधी येणार, जेवलीस का, डोकं का धुतलं नाहीस. सुरुवातीला धाकटीला हे सुट्टीसारखं वाटलं. मग एकदा ती जिन्यात उगाचच थांबली, चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली, कुणीतरी आतून विचारेल म्हणून. मागच्या खोलीतून घासायच्या यंत्राचा आवाज तेवढा येत राहिला. पलंगाचंही तसंच. एकटीचा पलंग, पाय पसरायला हरकत नाही, पण सकाळी जाग यायची तेव्हा ती भिंतीला नाक लावून असायची आणि बाहेरची बाजू रात्री घातलेल्या चादरीसारखी सपाट, एक सुरकुती नाही. चादर झटकायचं काम अर्ध्यावर आलं, हाही एक फायदाच.

तिकडची बातमी फोनवर कळायची. तिथे त्या मुलीला सगळे पाहुणी म्हणू लागले होते आणि पाहुणीने आत्याला जिंकलं होतं. आईच्या सांगण्यात कौतुक होतं आणि कौतुकाखाली थोडा चिमटा. ‘त्याची’ एक कड हिरडीला टोचायची, आई कवळी म्हणत नसे, ती पाहुणीने कसल्याशा पट्टीने घासून दिली. इतकी वर्षं टोचत होती, आत्या कधी बोलली नाही. धाकटीलाही माहीत नव्हतं. वाटी रोज हातात देणारी ती, आणि टोचतं हे बाहेरून आलेल्या मुलीला कळलं. फोन ठेवल्यावर तिला राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना, म्हणून तिने तो ठेवून दिला.

त्या सकाळी दातवाल्या बाई चष्मा कपाळावर चढवून स्वयंपाकघरात आल्या. बोटांना गुलाबी मेण लागलेलं होतं. एरवी त्या पाव भाजायला टाकून तशाच परत जायच्या. आज खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “तुझ्या आत्याचं कळलं मला. झोपेत गेल्या, हे एक बरं. माझी मुलगी शेजारीच होती. तिला फार लागलंय.” आणि मेणाचा हात धाकटीच्या हाताजवळ आणून, मेण आहे हे लक्षात आल्यावर मागे घेतला.

धाकटी म्हणाली, “हो.”

हा हो कुठून आला, हे तिने नंतर पुष्कळदा शोधलं. कळलं नव्हतं, तर कळलं नव्हतं म्हणायचं. पण आदल्याच दिवशी आई फोनवर होती, टोपी घालून बाहेर जात जा म्हणाली होती, आवाज बसल्यासारखा का येतोय विचारल्यावर सर्दी म्हणाली होती. घरच्यांनी मला सांगितलेलं नाही, हे परक्या बाईसमोर म्हणायचं म्हणजे घराचं दार उघडून आतला पसारा दाखवायचा. ते तिच्याने झालं नसतं. तिकडे पोरीने जे घडलं ते उठून आईला सांगितलं, संपलं. इकडे परीक्षा तोंडावर असलेल्या मुलीला काही कळू द्यायचं नसतं, हे धाकटीला शिकवावं लागत नव्हतं. दादाच्या बारावीत मामाचा अपघात असाच निकाल लागेपर्यंत फडताळात ठेवलेला होता, आणि ठेवण्यात धाकटीचाही हात होता. तेव्हा हो. हो म्हटल्यावर पाव खाणं भाग होतं. तिने खाल्ला. बशी धुतली. बाईंनी विचारलं, घरी जावंसं वाटतं का. तिने परीक्षा आहे म्हणून सांगितलं, आणि बाईंनी मान हलवली, हे लोक फार खंबीर आहेत असं वाटल्यासारखी.

कॉलेजात तिने सगळं उतरवून घेतलं. दुपारी दुकानात साबण घेतला, दोन साबणांचे वास घेऊन बघितले, त्यातल्या त्यात स्वस्त होता तो उचलला. बसमध्ये जागा मिळाली. रडू येईल म्हणून ती वाट बघत होती, पाहुण्यांची बघतात तशी, मधूनमधून रस्त्याकडे नजर टाकत. लहानपणी दाढ काढली होती तेव्हा दवाखान्यातून येताना आत्याने बजावलं होतं की भूल उतरेपर्यंत काही चावू नकोस, जीभ चावशील आणि कळायचंही नाही. तिने गुपचूप चावून बघितली होती. रक्त आलं होतं, दुखलं नव्हतं, आणि तिला गंमत वाटली होती की हे दुखणं आहे, फक्त अजून आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. बस वळणावर आली. तिने गालाचा आतला भाग दातात धरला. पोचलं नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट स्वच्छ, धुतल्यासारखी उभी होती: वाटी. त्या सकाळी वाटी कुणी दिली? आई धावत आली असेल, वडील आले असतील, शेजारचे आले असतील, दार उघडं, माणसांची रांग. आणि आत्या तशीच, तोंड आत गेलेलं, सगळ्यांना दिसेल अशी. मला तसं कुणी बघायचं नाही. हे विचारायचं कुणाला? एका घरी तिला सगळं ठाऊक होतं, दुसऱ्या घरी काहीच ठाऊक नव्हतं, आणि ज्या जागी उभं राहून हा प्रश्न विचारता आला असता ती जागा दोन्ही घरांत नव्हती.

फोन नेहमीच्या वेळी आला. आईने फोन डब्याला टेकवून असा ठेवला होता की मागे फक्त ओट्यावरच्या फरश्या दिसाव्यात. दादा मागून गेला, जाताना नको इतक्या उत्साहाने हात हलवून. वडील चौकटीत अर्धेच आले, अभ्यास कर म्हणाले आणि गेले. त्यांनी दाढी केलेली नव्हती. धाकटीच्या लक्षात आलं की ती रोज फोनवर पहिल्यांदा आत्याचं विचारते, आणि आज विचारलं नाही तर आईला संशय येईल. म्हणून तिने विचारलं. आईने श्वास घेतला, ओट्यावरचं फडकं उचललं आणि म्हणाली की बरी आहे, गुडघा दुखतोय जरा. दुसऱ्या दिवशी गुडघा कमी होता. त्यानंतर शेजारणीने कुंडीचं पाणी आमच्या बाजूला सोडलं म्हणून आत्या तिच्याशी बोलेनाशी झाली. मग बोलू लागली. आईला मोठं खोटं कधी जमलं नव्हतं, साधं वय चोरतानाही ती लाल व्हायची, पण बारीकसारीक तपशिलात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा सुरुवात झाल्यावर आत्या दिवसेंदिवस भरत गेली. आत्याने चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधली. आत्याला नव्या मालिकेतली सून आवडली नाही. जिवंत असताना नणंदेचं नाव आईच्या तोंडी इतक्या मायेने कधी आलं नव्हतं, आणि धाकटीला, खरं म्हणजे, ती वेळ आवडू लागली. फोन चालू असेपर्यंत आत्या होती. दोघी मिळून तिला उचलून धरत होत्या, एक बोलून, एक ऐकून, आणि दोघींपैकी कुणी हात सोडला तर काय होईल हे दोघींना माहीत होतं. पण दुसरीला माहीत आहे, हे एकीलाच माहीत होतं.

एकदा मात्र धाकटीच्या अंगात काय आलं कुणास ठाऊक. ती म्हणाली, “आज तिला दे ना जरा फोन.”

ओट्यावर पाणी ठिबकत होतं ते ऐकू आलं. आई म्हणाली, “अगं, कवळी काढलीय तिने. तशी नाही यायची ती समोर.”

धाकटीच्या घरात हा शब्द मोठ्याने उच्चारलेला तिने कधी ऐकला नव्हता. आईने तो पुढे केला होता, घरातली शेवटची झाकलेली वस्तू काढून दारात अडसर लावावा तसा. मग राहू दे, धाकटी म्हणाली. पाहुणी कशी आहे? पाहुणी झोपलीय. मागच्या वेळीही झोपलेली होती. आई म्हणाली की तिला इकडची हवा मानवत नाहीये, दिवसा झोपते, रात्री बैठकीत खुर्चीवर बसून असते, बहुतेक परत जाईल म्हणते.

पाहुणी परत येणार हे दातवाल्या बाईंनी सांगितलं ते मागच्या खोलीत. धाकटी तिथे क्वचित जायची. साच्यांच्या रांगा, प्रत्येकाखाली चिठ्ठी, कुणाचा वरचा जबडा, कुणाचा खालचा. माणसं नाहीत, नुसती हसायची तयारी. बाई म्हणाल्या की मुलगी आली तरी तू इथेच राहायचंस, खाली गादी घालू, तुझं वर्ष का मोडायचं. हात चालूच होते. मग कामाबद्दल बोलतात तशा बोलल्या की आज एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी त्यांच्या घरचे परत घेऊन आले, बसेना म्हणून. आता कशी बसणार, उशीर केला. माणूस गेल्यावर जबडा आखडतो. आधी लावली तर लावली, नंतर कुणालाही जमत नाही. धाकटीने विचारलं, आधी म्हणजे? बाईंनी वर बघितलं, आपण कुणाशी बोलतोय ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि यंत्र बंद करून त्या म्हणाल्या, माफ कर. धाकटी म्हणाली, काही नाही, आणि खोलीत येऊन कडी लावली. आता प्रश्न आणखी लहान झाला होता, लहान आणि टोकदार. सगळं जाग आल्यानंतरच्या पहिल्या थोड्या वेळात ठरलेलं होतं. त्या वेळात तिथे तिने असायचं होतं. शाळेत असल्यापासून तेवढं एक तिचं काम होतं.

पाहुणी आली ती भर दुपारी, खिडकीतलं ऊन पलंगावर पूर्ण पसरलेलं असताना. फोटोतल्यापेक्षा बारीक, डोळ्यांखाली शाई सांडल्यासारखी. आईला मिठी मारून झाल्यावर ती धाकटीसमोर उभी राहिली, बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि धाकटीच्या भाषेत, पाठ केल्यासारखं, पण धाकटीच्या आईच्या सुरात, तिच्यासारखाच मध्ये श्वास घेऊन म्हणाली, “आत्या बरी आहे. गुडघा दुखतो जरा. तुझी आठवण काढते.”

उठून सरळ आपल्या आईला सगळं सांगणारी ही मुलगी. तिला धाकटीच्या आईने काय शिकवून पाठवलं होतं आणि ते तिने विमानात किती वेळा म्हटलं असेल, हे तिच्या पट्ट्यावरच्या बोटांकडे बघून कळत होतं. दातवाल्या बाईंना एक अक्षर समजलं नव्हतं. त्यांनी धाकटीला विचारलं, काय म्हणते? धाकटी म्हणाली, प्रवास चांगला झाला म्हणते.

खोलीत ती पलंगावर चढून भिंतीकडे ठेवलेली आपली वह्या-पुस्तकं गोळा करू लागली. पलंग जिचा तिला द्यायचा, गादी खाली घालायची, असं ठरलेलं होतं. पाहुणीने बूट काढले. थोडा वेळ ती आपल्याच पलंगाकडे बघत उभी राहिली. मग येऊन कडेवर बसली, आतल्या बाजूला पाठ करून, आणि म्हणाली, “सरक.”

धाकटी भिंतीला टेकलेली होती, मांडीवर पुस्तकं. सरकायला जागा नव्हती. ती सरकल्यासारखं करून पुन्हा होती तिथे आली. पाहुणी आडवी झाली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, थांबत होतं, पुन्हा घेत होतं. धाकटीने विचारलं, आवाज होता तितकाच ठेवून, “वाटी कुणी दिली?”

पाहुणी वळली नाही. तिच्या पाठीवरून एवढंच कळलं की पुढे बोलायला तिला आधी काहीतरी खाली ठेवावं लागत होतं, बॅगेसारखं. मग ती तुटक तुटक बोलली, काही धाकटीच्या भाषेत, काही स्वतःच्या. जाग आली तेव्हा उजाडत होतं. हात लावला आणि कळलं. ओरडणार होती. पण आत्याने पहिल्याच रात्री वाटीकडे बोट दाखवून तोंडावर पदर घेऊन दाखवला होता, कुणी नाही, कुणी नाही, असं हाताने. म्हणून आधी कवळी धुतली. बसवली. केस सारखे केले. मग तुझ्या आईला उठवलं.

“नीट बसली?”

“डावीकडे हलत होती. धरून ठेवली मी.” थोड्या वेळाने म्हणाली, “किती वेळ ते माहीत नाही. मग नाही हलली.”

पाहुणीचे खांदे हलू लागले, बिनआवाजाचे, आणि हलता हलता तसेच थांबले. ती झोपली होती. खुर्चीवरच्या सगळ्या रात्री एकदम अंगावर आल्यासारखी, तोंड थोडं उघडं टाकून. फोन थरथरला. आईच होती. पोचली का ती, आईने विचारलं, आणि मग फडक्याने काहीतरी पुसत असल्यासारखं, काही बोलली का?

“हो,” धाकटी हळू आवाजात म्हणाली. “आत्या बरी आहे म्हणाली.”

आईचं फडकं थांबलं. मग म्हणाली, “हो गं, बरी आहे,” आणि तिच्या आवाजात सर्दी होती. अभ्यास कर. जेवलीस का? जेवले.

मग धाकटी भिंतीला पाठ लावून उन्हात बसून राहिली. वडिलांना वाक्य मिळालं होतं, ते आता त्यांना दाढीशिवाय म्हणावं लागत होतं. दादाला खण मिळाले होते. आई रोज थोडी थोडी किंमत भरत होती, एकेक गुडघा, एकेक कुंडी करत, आणि परीक्षा होईपर्यंत भरत राहणार होती. आत्याने आपली किंमत, ते झाकलेलं तोंड, आधीच भरून टाकली होती. या सगळ्यांतून जे मोठं देणं निघालं ते धाकटीच्या नावाचं होतं, धाकटीच्या बाजूला येऊन पडलं होतं, आणि त्या बाजूला त्या दिवशी दुसरीच कुणी झोपलेली होती. तिने नाव न विचारता ते भरून टाकलं. धाकटीला ठरल्याप्रमाणे सगळं मिळालं: खोली, कडी, पलंग. द्यायला काही उरलंच नव्हतं. झोपेत पाहुणीचा पाय सरकत आला आणि तिच्या पोटरीला लागला. इतक्या उन्हातही थंडगार होता. धाकटीने गाल चावून बघितला, आणि पाय तसाच राहू दिला.